पाळण्यातले पाय आणि बाजारातली किंमत

अमेरिकन फुटबॉलच्या जगात दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस एक चमत्कारिक सोहळा पार पडतो. नॅशनल फुटबॉल लीगचे, म्हणजे एनएफएलचे, ३२ संघ तीन दिवसांत महाविद्यालयीन मैदानांवरून आलेल्या अडीचशेच्या आसपास तरुणांना आपापसांत वाटून घेतात. याला 'ड्राफ्ट' म्हणतात. चौथ्या दिवशी उजाडते न उजाडते तोच प्रत्येक संघाच्या व्यवस्थापनाचे प्रगतिपुस्तक छापून तयार असते : याला 'अ', त्याला 'ब उणे', अमुक संघ सपशेल नापास. ज्या पोरांनी त्या संघाचा गणवेश अजून अंगात घातलेला नाही, त्यांच्या नावांवरून त्यांना निवडणाऱ्यांचे गुण ठरतात. २०१२ साली सिअ‍ॅटल सीहॉक्सला काही परीक्षकांनी असेच नापास केले होते. त्या निवडीत ४७व्या क्रमांकावर बॉबी वॅग्नर आणि ७५व्या क्रमांकावर रसेल विल्सन होते. आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये, दोनच हंगामांनी, त्याच संघाने डेन्व्हरला ४३-८ असे लोळवून सुपर बोल जिंकला.

परीक्षकांची ही फजिती सांगून हशा पिकवणे सोपे आहे. आमचा तो हेतू नाही. कारण त्यांना हसणारेही तीच चूक करतात, फक्त पाच वर्षे उशिरा. पाच वर्षांनी 'तेव्हा अमक्याऐवजी तमका घेतला असता तर' अशा याद्या निघतात आणि त्यांवरून कोण द्रष्टा व कोण आंधळा हे ठरते. पहिल्या प्रकारात काहीच ठाऊक नसताना निकाल लागतो, दुसऱ्यात सगळे ठाऊक झाल्यावर. दोघांचाही विश्वास एका म्हणीवर आहे : मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. ते दिसतात, फक्त पाहणाऱ्याला नजर हवी, आणि ही नजर असणे म्हणजेच उत्तम व्यवस्थापन, असे हे गृहीतक. आमचा आक्षेप या गृहीतकालाच आहे. व्यवस्थापनाने कोणाला निवडले हे पाहून त्याची पारख होत नाही. जे कोणालाच ठाऊक नसते ते आपल्याला ठाऊक आहे या भरवशावर त्याने किती मोजले, हे पाहून होते. आणि ही दुसरी गोष्ट त्याच दिवशी, घरबसल्या, कोणालाही तपासता येते.

भारतातल्या वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. आयपीएलच्या लिलावात किंमत चव्हाट्यावर असते. ऋषभ पंतला नोव्हेंबर २०२४ मध्ये लखनौने २७ कोटींना घेतले, तेव्हा चर्चा खेळाइतकीच आकड्याची झाली. ड्राफ्टमध्ये बोली नसते. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याला पहिली निवड, मग दुसऱ्याला, अशा सात फेऱ्या. नवख्याचा पगारही २०११च्या करारापासून क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेला आहे. त्याआधी तसे नव्हते : २०१० साली पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर कबूल झाले, आणि दुसऱ्याच वर्षी, नवे नियम लागू होताच, पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी. मग किंमत कुठे दडलेली असते? ती क्रमांकांत असते. निवडीचा प्रत्येक क्रमांक, ज्याला तिकडे 'पिक' म्हणतात, विकता येतो, बदलता येतो, पुढल्या वर्षीचा आज गहाण टाकता येतो. वर एकूण पगारावर मर्यादा आहे. २०२५ साली ती संघामागे २७.९२ कोटी डॉलर होती. म्हणजे एकावर उधळलेला डॉलर दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो. ही चलने न मोजता नुसत्या नावांना गुण देणे म्हणजे घरमालकाने घर केवढ्याला घेतले हे न विचारता पडद्यांच्या रंगावरून त्याची हुशारी जोखणे होय.

पाळण्यातले पाय दिसत नाहीत याचा पुरावा ड्राफ्टच्या पहिल्याच वर्षाने दिला आहे. १९३६ साली सर्वप्रथम निवडला गेलेला जे बर्वँगर हा त्या वेळचा सर्वांत गाजलेला महाविद्यालयीन खेळाडू. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. तेव्हाची गोष्ट निराळी, असे कोणी म्हणेल. म्हणून अलीकडचे पाहू. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (२०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले तेच) यांनी १९९१पासूनच्या ड्राफ्टांचा हिशेब मांडणारा एक निबंध २००५ साली प्रसृत केला. तो पुढे २०१३ साली रीतसर प्रसिद्ध झाला. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांना आढळली ५२ टक्के. नाणे उडवले तर ५०. या दोन टक्क्यांसाठी संघ पुढल्या वर्षांचे क्रमांक अशा व्याजाने गहाण टाकतात की गावच्या सावकारालाही संकोच वाटावा.

आणि टॉम ब्रेडी? २००० साली न्यू इंग्लंडने त्याला १९९व्या क्रमांकावर घेतले, तो सात सुपर बोल जिंकला, आणि त्या एका निवडीवर बिल बेलिचिक यांच्या दिव्यदृष्टीचे मंदिर उभे राहिले. आम्हांला बेलिचिक यांच्याबद्दल आदर आहे, पण तो या कारणासाठी नाही. त्या वर्षी ब्रेडीआधी त्यांनी सहा खेळाडू निवडले होते. तो कोण होणार हे त्यांना कळले असते तर त्याला सहाव्या फेरीपर्यंत उघड्यावर ठेवण्याचे धाडस त्यांनी केले नसते. लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या वाटेतून अक्षर उमटावे तसा हा घुणाक्षरन्याय आहे. किडा साक्षर ठरत नाही. मात्र एवढे म्हणता येईल की त्यांनी त्या अक्षरासाठी जवळजवळ काहीच मोजले नव्हते, आणि आमच्या कसोटीवर तेच त्यांचे श्रेय.

आता क्लीव्हलंडकडे येऊ. या सगळ्या प्रश्नाचे सार त्या एका शहरात साठले आहे.

क्लीव्हलंड ब्राउन्स हा संघ १९९९ साली नव्याने उभा राहिला, आणि पुढली सतरा वर्षे जो येईल तो व्यवस्थापक 'आपल्याला पाय दिसले' असे सांगून एकेक तरुण क्वार्टरबॅक आणत राहिला व बुडत राहिला. २०१६ साली सूत्रे साशी ब्राउन यांच्याकडे आली. हे गृहस्थ पेशाने वकील. मैदानावर घाम गाळलेला नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून चेष्टेचा विषय. त्यांनी काय केले? दुसरा क्रमांक हातात होता. कार्सन वेंट्झ नावाचा क्वार्टरबॅक समोर होता. त्यांनी तो क्रमांक फिलाडेल्फियाला विकला व बदल्यात क्रमांकांचे गाठोडे घेतले. पुढल्या वर्षी बारावा क्रमांक ह्यूस्टनला विकला. ह्यूस्टनने त्यावर डेशॉन वॉटसनला घेतले. दोन वर्षांत दोन क्वार्टरबॅक हातचे सोडले, आणि दोघेही लगेच चमकले. मग काय विचारता!

पण आमच्या मते त्यांचा सर्वांत देखणा व्यवहार तिसराच होता. ह्यूस्टनने २०१६ साली ब्रॉक ऑसवायलर या क्वार्टरबॅकशी चार वर्षांचा ७.२ कोटी डॉलरांचा करार केला, एका हंगामात हात पोळून घेतले, आणि मार्च २०१७ मध्ये हे लोढणे कोणीतरी गळ्यातून काढावे म्हणून शोध सुरू झाला. क्लीव्हलंडकडे पगारमर्यादेखाली भरपूर पैसा पडून होता. त्यांनी ऑसवायलरचा त्या वर्षीचा १.६ कोटींचा पगार अंगावर घेतला, मोबदल्यात ह्यूस्टनची २०१८ची दुसरी फेरी घेतली, आणि सप्टेंबरमध्ये ऑसवायलरला हंगामाचा एकही सामना न खेळवता निरोप दिला. पैशाने पिक विकत घेता येत नाही असा समज होता. तो त्या दिवशी संपला. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हे.

आता उणे बाजू. ती लपवण्यात अर्थ नाही. गाठोड्यांतून आलेल्या क्रमांकांवर साशी ब्राउन यांनी जे खेळाडू निवडले त्यांतले बरेच सुमार निघाले. २०१६ साली त्यांनी १४ जण निवडले; पहिला कोरी कोलमन, जो दोन वर्षांनी जवळजवळ फुकटात बफलोला देऊन टाकावा लागला. ऑक्टोबर २०१७ मध्ये सिनसिनाटीशी ठरलेला एक सौदा कागदपत्रे मुदतीत न पोचल्यामुळे बारगळला, ही तर निव्वळ नामुष्की. आणि मैदानावर? २०१६ मध्ये १६ पैकी एक विजय. २०१७ मध्ये शून्य. जानेवारी २०१८च्या कडाक्याच्या थंडीत क्लीव्हलंडच्या रसिकांनी आपल्या संघाच्या 'परिपूर्ण' हंगामाची मिरवणूक काढून मैदानाला प्रदक्षिणा घातली. ज्यांनी तिकिटांचे पैसे मोजले त्यांना 'पद्धत बरोबर आहे, धीर धरा' असे सांगणे आम्हांलाही जड गेले असते. पद्धतीचा जप करून पराभव खपवणारे लोक असतात, आणि त्यांचा आम्हांला निकालांची पूजा करणाऱ्यांइतकाच कंटाळा आहे. म्हणूनच आम्ही 'पद्धत' हा गुळगुळीत शब्द टाळून 'किंमत' म्हणतो. किंमत कागदावर लिहिलेली असते.

७ डिसेंबर २०१७ रोजी साशी ब्राउन यांना काढले. प्रशिक्षक ह्यू जॅक्सन, ज्यांच्या हाताखाली संघ हरत होता, ते मात्र राहिले. नव्या व्यवस्थापकांनी, जॉन डॉर्सी यांनी, चार महिन्यांनी ड्राफ्टच्या टेबलावर बसून पाहिले तो ताट वाढलेले. चौथा क्रमांक ह्यूस्टनच्या सौद्यातून आलेला. त्यावर डेंझेल वॉर्ड आला. ऑसवायलरच्या लोढण्याबरोबर आलेली दुसरी फेरी ३५वा क्रमांक ठरली. त्यावर निक चब, ज्याने पुढे लागोपाठ चार हंगाम हजाराहून अधिक यार्ड धाव घेतली. माइल्स गॅरेट तर साशी ब्राउन यांनीच २०१७ साली पहिल्या क्रमांकावर घेतला होता. तो २०२३चा सर्वोत्तम बचावपटू ठरला. हे तिघेही ज्यात होते त्या संघाने जानेवारी २०२१ मध्ये पिट्सबर्गला ४८-३७ असे हरवले. बाद फेरीतला क्लीव्हलंडचा सव्वीस वर्षांतला तो पहिला विजय. टाळ्या अर्थातच वाढप्यांना मिळाल्या. (साशी ब्राउन २०२२ साली बाल्टिमोर रेव्हन्सचे अध्यक्ष झाले, त्या क्लबाला बहुधा क्लीव्हलंडची वर्तमानपत्रे मिळत नसावीत.)

वेंट्झ आणि वॉटसन हातचे गेले, याचे काय? वेंट्झला फिलाडेल्फियाने २०२१ साली विकून टाकले, यावरून 'बघा, साशी बरोबर होते' असे आम्ही म्हणणार नाही. तो काकतालीय न्याय झाला. वेंट्झ कीर्तिशिखरावर राहिला असता तरी त्या दिवशीचा सौदा वाजवीच होता. ज्याला पाय दिसत नाहीत त्याने एका पाळण्यावर सर्वस्व लावण्याऐवजी अनेक पाळण्यांपाशी उभे राहावे, एवढाच त्यामागचा विचार होता.

वॉटसनची कथा मात्र निराळी, आणि तिथे हसू मावळते. २०१७ साली हा खेळाडू क्लीव्हलंडला बाराव्या क्रमांकावर, चार वर्षांच्या सुमारे १.४ कोटी डॉलरांत मिळू शकत होता. मार्च २०२२ मध्ये त्याच क्लीव्हलंडने, आता व्यवस्थापक अँड्र्यू बेरी, त्याच खेळाडूसाठी ह्यूस्टनला तीन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या आणि वर आणखी तीन पिक दिले, आणि त्याच्याशी पाच वर्षांचा २३ कोटी डॉलरांचा करार केला, प्रत्येक डॉलर हमीचा. एवढी संपूर्ण हमी त्यापूर्वी त्या लीगमध्ये कोणाला मिळाली नव्हती. वॉटसन २०२१चा हंगाम खेळलाच नव्हता. वीसहून अधिक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावले होते. त्याने आरोप नाकारले, ग्रँड जूरींनी फौजदारी खटला भरण्यास नकार दिला, आणि बहुतेक दावे पुढे तडजोडीने मिटले. तथापि लीगच्या शिस्तभंगाच्या चौकशीअखेर त्याला ११ सामन्यांची बंदी व ५० लाख डॉलर दंड झाला. बंदीच्या काळात पगार कापला जातो. करार असा लिहिला होता की पहिल्या वर्षाचा मूळ पगार जेमतेम दहा लाखांच्या घरात राहावा. म्हणजे बंदी आली तरी खेळाडूचा खिसा फारसा हलका होऊ नये.

या एका कलमावर प्रगतिपुस्तकवाल्यांनी किती शाई खर्च केली? त्यांचा प्रश्न एकच : वॉटसन पूर्वीसारखा खेळेल काय? आम्ही म्हणतो, तो कसाही खेळला असता तरी हा व्यवहार त्या दिवशीच निंद्य होता. तक्रार करणाऱ्या स्त्रियांचे काय हा प्रश्न त्या कार्यालयात कोणी विचारला असेल वा नसेल. पण बंदी येणार हा हिशेब मात्र कोणीतरी नेमका केला होता, आणि तो कागदावर आहे. बाकी जे घडले ते तळटीपेच्या योग्यतेचे : पहिल्या तीन हंगामांत वॉटसन १९ सामने खेळला. बेकर मेफिल्ड, ज्याने पिट्सबर्गचा तो विजय मिळवून दिला होता, वॉटसनच्या आगमनाने बेघर झाला आणि पुढे टॅम्पा बेला जाऊन नावारूपाला आला. २०२३च्या हंगामात क्लीव्हलंड बाद फेरीत पोचले, तेही ३८ वर्षांच्या, नोव्हेंबरात घरून बोलावलेल्या जो फ्लॅकोच्या हातून. तिथे गाठ पडली ह्यूस्टनशीच. ह्यूस्टनने क्लीव्हलंडकडून आलेला एक क्रमांक पुढे घालून विल अँडरसन मिळवला होता. निकाल ४५-१४.

आमच्या या कसोटीवर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बळकट आहे. क्वार्टरबॅकवाचून या खेळात पान हलत नाही. तेव्हा त्याच्यासाठी वाटेल ते मोजावे लागते. कॅन्सस सिटीने २०१७ साली २७व्या क्रमांकावरून दहाव्यावर उडी मारली नसती तर पॅट्रिक महोम्स त्यांना मिळाला असता काय? खरे आहे. पण त्यांनी त्या उडीसाठी पुढल्या वर्षीची एक पहिली फेरी आणि एक तिसरी फेरी दिली, आणि महोम्स फसला तरी सांभाळून घ्यायला अ‍ॅलेक्स स्मिथ घरात होता. ही जोखीम होती, उधळपट्टी नव्हती. त्याच संध्याकाळी शिकागोने काय केले ते पाहा. तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर, म्हणजे एक पाऊल, सरकण्यासाठी त्यांनी वर तीन पिक मोजले आणि मिचेल ट्रुबिस्कीला घेतले. वर सांगितलेले ५२ टक्के आठवावेत. ट्रुबिस्की पुढे अपयशी ठरला म्हणून हा सौदा वाईट असे नाही. एका पायरीसाठी चार पायऱ्यांचे भाडे दिले म्हणून तो वाईट.

शिकागोकडून ते तीन पिक घेणारे सॅन फ्रान्सिस्कोचे जॉन लिंच होते. विक्रेत्याचे शहाणपण त्यांना २०१७ साली साधले. २०२१ साली ते स्वतः ग्राहक झाले. बाराव्यावरून तिसऱ्यावर जाण्यासाठी त्यांनी मायामीला पुढल्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या आणि एक तिसरी फेरी दिली, ट्रे लान्सला घेतले, आणि त्याला चार सामन्यांत सुरुवातीपासून उतरवून ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसला देऊन टाकले. दरम्यान २०२२च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा खेळाडू ब्रॉक पर्डी मैदानात आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. तेव्हापासून 'लिंच यांनी चूक भरून काढली' असे वाक्य रूढ झाले आहे. यातले 'काढली' हे क्रियापद आम्हांला खटकते. २६१ वेळा सर्व संघांनी, त्यांत खुद्द सॅन फ्रान्सिस्कोने, ज्याला वगळले तो निघाला, यात कर्ता कोण? लान्सचा सौदा पर्डी नसता तर जेवढा वाईट ठरला असता तेवढाच तो पर्डी असूनही आहे.

लॉस एंजेलिस रॅम्सचे उदाहरण आमच्यावर नेहमी फेकले जाते : २०१७ ते २०२३ सलग सात वर्षे त्यांनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही, क्रमांक उधळले, आणि तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल जिंकला. पण ते उदाहरण आमच्या बाजूचे आहे. त्यांनी मॅथ्यू स्टॅफर्डसाठी दोन पहिल्या फेऱ्या दिल्या. स्टॅफर्ड तोवर डेट्रॉइटकडून बारा हंगाम खेळलेला होता, त्याचे पाय पाळण्यात शोधायचे नव्हते. आणि खालच्या फेऱ्या त्यांनी जपल्या. कूपर कप ६९वा आला, पुका नाकुआ १७७वा. बाजारात ज्या मालाला अवाच्या सवा भाव आहे तो विकणे, ही उधळपट्टी कशी?

पारखलेल्या खेळाडूबाबतही घाई महाग पडते, हे डेन्व्हरने दाखवले. मार्च २०२२ मध्ये त्यांनी रसेल विल्सनसाठी दोन पहिल्या व दोन दुसऱ्या फेऱ्या आणि तीन खेळाडू दिले. विल्सनच्या जुन्या कराराची दोन वर्षे शिल्लक होती. त्याने डेन्व्हरकडून एक सामना खेळेपर्यंत थांबायला कोणाची हरकत नव्हती. ते थांबले नाहीत. सप्टेंबरात, पहिल्या सामन्याआधी, २४.५ कोटींचा पाच वर्षांचा नवा करार झाला. मार्च २०२४ मध्ये त्याला मोकळे केले तेव्हा पगारमर्यादेच्या खात्यावर सुमारे ८.५ कोटी डॉलरांचा मृत बोजा उरला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तोही कोंबडी घरात येण्याआधीच वाटलेला.

एप्रिल २०२५ मध्ये क्लीव्हलंडच्या हाती पुन्हा दुसरा क्रमांक होता. व्यवस्थापक तेच, वॉटसन आणणारे बेरी. समोर ट्रॅव्हिस हंटर, आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे खेळणारा, त्या वर्षीचे सर्वांत मोठे नाव. बेरींनी तो क्रमांक जॅक्सनविलला दिला आणि पाचवा व ३६वा क्रमांक, एक चौथी फेरी आणि २०२६ची पहिली फेरी मिळवली. उलट्या बाजूने दोन किरकोळ पिक गेले. ज्या कार्यालयाने तीन वर्षांपूर्वी खात्रीचा भाव म्हणून सर्वस्व दिले होते, ते आता खात्री विकत होते. हंटर पुढे कोणीही होवो, हा सौदा त्या दिवशी चांगला होता, आणि साशी ब्राउन यांनी तो आनंदाने केला असता. पण त्या आठवड्यात जो तो बोलत होता शेडूर सँडर्सविषयी : नामांकित बापाचा मुलगा, पहिल्या फेरीत जाईल म्हणता म्हणता पाचव्या फेरीत, १४४व्या क्रमांकावर क्लीव्हलंडकडेच आला. तो घेणे शहाणपणाचे की वेडेपणाचे, यावर रकानेच्या रकाने भरले. त्याच्यासाठी क्लीव्हलंडने सिअ‍ॅटलला १६६वा आणि १९२वा क्रमांक दिला होता.